गरजेपुरता ओलावा

पोलादपूरच्या एका सरकारी कार्यालयात वीस वर्षं आवक-जावक सांभाळणाऱ्या, कधी उशिरा न पोचलेल्या आणि कुणाच्या अध्यात-मध्यात नसलेल्या अरविंद साळवीला महाडात त्याच्या आळीत लोक ‘कोरडे साहेब’ म्हणायला लागले होते. अगदी तोंडावर नाही म्हणायचे, पण पाठ पुरती वळेपर्यंतही कुणाला दम निघत नव्हता.

आता हे नाव पडलं कसं, ते सांगायला हवं. वीस मार्चला चवदार तळ्यावर माणूस लोटतो. विदर्भातून, मराठवाड्यातून, कुठून कुठून बसगाड्या येतात, आणि गाव सुरू होण्याआधीच गाड्या लावून माणसं भर उन्हातून चालत तळ्याकडे निघतात. त्या वाटेवर आळीच्या मंडळाचा एक मांडव असतो. त्या मांडवात अरविंदाची आई, येसूबाई, चाळीस वर्षं एकच काम करत आली. आपल्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या सुती लुगड्यांचे हातभर तुकडे करायचे, पाण्यात बुडवून पिळायचे आणि येणाऱ्याच्या हातात ठेवायचे. “पानी मागनं पी बाबा. आदी तोंड पूस.” पाणी सगळेच मांडव देतात. घामेजलेल्या तोंडाचा विचार फक्त येसूबाई करायची.

दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीत घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ती वॉकर घेऊन चालू लागली. फडक्यांचं खातं अरविंदाकडे आलं. अरविंद सुधारणावादी. त्याने ओल्या टिश्यूची पाकिटं आणली. आणि अरविंद घाबरट. घाबरट माणूस सगळं आधी करून ठेवतो, तसं त्याने मार्चचं काम जानेवारीत केलं, आणि पाकिटं नीट मोजून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवली. पत्र्याने आपलं काम चोख बजावलं. गेल्या साली वीस मार्चला पाकिटं फोडली तर आत ओल्याचा पत्ता नाही, नुसता खरखरीत कागद! परभणीकडच्या एका म्हातारीने तो कागद तोंडावरून खरडला, “लई ब्येस” म्हणाली, आणि घडी करून कमरेच्या पिशवीत खोचला. बिचारीने बोल लावला नाही, म्हणून अरविंदाला जास्तच लागलं. शेजारी खुर्चीत बसून आई हे सगळं बघत होती आणि एक अक्षर बोलली नाही. येसूबाई बोलत नाही म्हणजे काय, हे तिच्या पोराला चांगलं ठाऊक होतं.

या जानेवारीत मंडळाची बैठक झाली. अध्यक्ष भिकाजी गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त झाले ते शाळेतून, मुख्याध्यापकीतून नाही. त्यांनी ठराव मांडला, “यंदा फडक्यांचा विषय वगळण्यात यावा. पाकिटं वाळतात, बादलीतलं फडकं उन्हात आंबतं, शिवाय एकाच बादलीत सतरा हात जाणं आरोग्याला बरं नव्हे. यंदा पाणी आणि केळी.”

“मंग मी काय करू? केळी सोलू?” येसूबाई म्हणाली.

सगळे हसले. अरविंद हसला नाही, कारण त्याचं लक्ष आईच्या हाताकडे होतं. वॉकरच्या दांडीवर तो फडकं पिळावं तसा फिरत होता. पुढच्या वर्षी सत्याग्रहाला शंभर वर्षं पुरी होणार, आणि आई रोज म्हणायची, “तवर राह्यले तर बगीन.” तिचं एवढं एकच काम, आणि ते ह्याच्या पाकिटांपायी बुडणार! ज्याने उभ्या आयुष्यात बैठकीत तोंड उघडलं नव्हतं तो अरविंद एकदम म्हणाला, “मी यंत्र करतो.”

बोलल्यावर सगळ्यात जास्त दचकला तोच.

यंत्राची कल्पना मात्र कागदावर बिनचूक होती. ओलं वाळतं आणि ओलं आंबतं, मग ओलं ठेवायचंच कशाला? फडकं कोरडं ठेवायचं. ज्याने ओढलं त्याच्या हातात, त्याच्यापुरतं, त्या क्षणी ओलं करायचं. न पाणी वाया, न फडकं वाया, न कुणाचा हात बादलीत. अरविंदाने पट्टीने आकृती काढली, खाली दिनांक टाकला आणि सवयीने दोन प्रती काढल्या.

त्याची बायको उज्वला आरोग्य केंद्रात परिचारिका. तिने आकृती उलटसुलट करून पाहिली. “फडकं बादलीत का नाही बुडवायचं?” तिने विचारलं.

हा प्रश्न पुढचे दोन महिने अरविंदाला जो भेटेल त्याने विचारला. पहिल्या वेळी त्याने तिला शांतपणे समजावलं. पुढे पुढे त्याच्या कपाळाची शीर उडायला लागली.

पहिलं यंत्र सलाइनच्या नळीचं. वर पाण्याचा कॅन, खाली फडक्यांचा डबा, मध्ये नळी आणि तिला चिमटा. चिमटा ढिला होता. सकाळी उठून बघतात तर डबा काठोकाठ, घरभर पाणी आणि शेजारच्या काशीरामकाकांच्या दारातल्या चपला वाहत जाऊन जिन्याच्या पायरीला लागलेल्या. दुसरं यंत्र स्पंजाचं. स्पंज सगळं पाणी स्वतःच प्यायचा आणि फडक्याला थेंब देत नसे. आळीत बातमी फुटली आणि सल्ल्यांची रीघ लागली. कुणी म्हणालं गुलाबपाणी घाला, कुणी म्हणालं डबा फ्रीजमध्ये ठेवा, आणि एक गृहस्थ मुद्दाम जिना चढून आले, बराच वेळ यंत्राकडे बघत बसले, चहा प्याले आणि “अवघड आहे” म्हणून निघून गेले.

काशीरामकाका तसले नव्हते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेली. चपला पुसत ते आले आणि म्हणाले, “अरविंद, तुला नळी नको, तुला डोळा पायजे.” आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडून त्यांनी हात धरला की आपोआप पाणी सोडणारा नळ आणला. कुठल्याशा कॅन्टीनमधून निघालेला. त्याच्या चोचीखाली काळा चकचकीत ठिपका होता, तोच डोळा. डोळ्यापुढे हात आला की आतली झडप उघडणार, चुळकाभर पाणी पडणार, हात गेला की बंद.

मोटारसायकलची बॅटरी जोडली, डब्याची फट नळाखाली आणली. अरविंदाने फडकं ओढलं. टक्, चुळुक! फडकं ओलं. निथळतं नाही, कोरडं नाही, अगदी हवं तेवढं. अरविंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. उज्वलाने ओढलं, ओलं. त्यांची मुलगी मानसी कॉलेजातून आली, तिने ओढलं, ओलं. काशीरामकाकांनी ओढलं, कोरडं.

“काका, तुम्ही डावखुरे ना,” अरविंद म्हणाला. “नळ उजव्या हाताचा असणार.”

“असंल,” म्हणत काकांनी हात बंडीला पुसला.

आई तेवढी जवळ फिरकली नाही. ती खाटेवर बसून आपली लुगडी फाडत होती. यंत्र कुठलंही असो, कापड तिचंच लागणार, एवढं तिने बजावून ठेवलं होतं. तिची आठवणीतली दोन गडद लुगडी, एक तुडीलचं माहेरचं, एक अरविंदाच्या लग्नातलं, दोन्ही तिने टराटरा फाडली. अरविंद ते तुकडे गोळा करून डब्यात रचत गेला. आता माघार नव्हती.

“आई, एकदा ओढून तर बघ.”

“त्या दिवशीच बगीन. घरात काय सगळंच चालतंय.”

ते त्याच्या मनाला लागलं. घराबाहेर चालतं की नाही हे बघायलाच हवं, म्हणून त्याने यंत्र मांडीवर घेऊन एसटीने पोलादपूर गाठलं. कंडक्टरने विचारलं, हे काय? अरविंदाने सांगितलं. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, “मग बादलीत का नाही बुडवत?” मागच्या दोन बाकांनी त्याला दुजोरा दिला.

कार्यालयात त्याने यंत्र आपल्या टेबलावर मांडलं. शिपाई सयाजी, वरच्या डोंगरातल्या गावचा, सकाळी शेतात राबून मग कामावर येणारा. त्याने दोनदा, तीनदा फडकं ओढलं. कोरडं. अरविंद वैतागला. “तुम्ही घाई करता सयाजी. हात स्थिर धरा. यंत्राला वेळ द्या.”

“धरतो की सायेब,” सयाजी ओशाळून म्हणाला. “आमाला सवय नाय ना मशिनींची.”

मग जेवणाची सुट्टी झाली. अरविंद डबा घेऊन बाहेर गेला, आणि कुणीतरी साहेबांच्या टेबलावरची एक फाईल आणून त्याच्या टेबलावर ठेवली. पांढऱ्याशुभ्र पुठ्ठ्याची, बरोबर नळाखाली. डोळ्याला ती फाईल जी काही आवडली म्हणता! जेवणाची सुट्टी सरेपर्यंत तो चुळुक चुळुक करत राहिला. अरविंद बडीशेप चघळत परत आला तेव्हा कॅन रिकामा होता आणि फाईल पिळून वाळत घालण्याच्या लायकीची झाली होती. फाईलचं नाव होतं, ‘पाणीटंचाई आराखडा’.

वीस वर्षांच्या निष्कलंक नोकरीत अरविंदाला पहिली कारणे दाखवा नोटीस मिळाली. ‘पाणीटंचाईची फाईल पाण्याने कशी भिजली, याचा लेखी खुलासा चोवीस तासांत सादर करावा.’ वर नियतीची थट्टा अशी की ती नोटीस आवक रजिस्टरात त्यालाच नोंदवावी लागली. खुलाशाचे तीन कागद त्याने लिहून फाडले. ‘फडके ओले करण्याचे यंत्र’ असं लिहिलं तर साहेब विचारणार, बादलीत का नाही बुडवलं?

तेवढ्यावर भागलं नाही. मांडवात यंत्र म्हटल्यावर वेगळी परवानगी लागेल, असं गुरुजींना कुठूनसं कळलं होतं. नगरपालिकेतल्या परवानगीच्या खिडकीवर अरविंद चार वेळा गेला. आतल्या बाई म्हणाल्या, “पाणी देणार असाल तर पाण्याचा तपासणी दाखला आणा. कापड देणार असाल तर कचऱ्याचं हमीपत्र आणा. नक्की काय देणार?”

“ओलं कापड.”

“तसा रकाना नाही. उद्या या.”

स्वतः वीस वर्षं लोकांना ‘उद्या या’ म्हणत आलेला माणूस तो. खिडकीच्या बाहेरून हे दोन शब्द कसे लागतात, ते त्याला तेव्हा कळलं. पाचव्या खेपेला बाईंनाच कंटाळा आला आणि त्यांनी ‘वाटपाचा प्रकार’ या रकान्यात लिहून टाकलं, ‘गरजेपुरता ओलावा’. शिक्का पडला. तो कागद घेऊन अरविंद घरी आला, पण त्याला झोप लागेना, अन्न गोड लागेना. झडप अडकली तर? बॅटरी उतरली तर? लोक हसले तर? उज्वलाने त्याचा रक्तदाब तपासला आणि आकडा न सांगता मिठाची बरणी फळीवर उंच ठेवली.

वीस मार्च उजाडला. नऊ वाजताच ऊन मी म्हणत होतं. मांडवात एका बाजूला पाण्याची पिंपं, दुसऱ्या बाजूला केळी, मधोमध पांढऱ्या चादरीवर अरविंदाचं यंत्र, आणि शेजारी खुर्चीत पांढरं लुगडं नेसून येसूबाई. गुरुजींनी छोटं भाषण केलं, हात पुढे केला आणि फडकं ओढलं. टक्, चुळुक! गुरुजींनी तोंड पुसलं. टाळ्या पडल्या. मंडळाच्या लोकांनी पुसलं, शेजारच्या मांडवातले आले, त्यांनी पुसलं. “वा, साळवी!” कुणीतरी म्हणालं. कोरडे नव्हे, साळवी! अरविंदाने आईकडे चोरून पाहिलं. तिच्या ओठाचा कोपरा जरा सैल झाला होता.

आणि दहाच्या सुमाराला गाड्यांची माणसं आली.

रात्रभर प्रवास करून, चार-पाच किलोमीटर तापल्या डांबरावरून चालत आलेली माणसं. पांढरे कपडे घामाने चिकटलेले, चेहरे रापलेले. “जयभीम, जयभीम” करत रांग पुढे सरकली. पहिल्याने फडकं ओढलं. कोरडं. दुसऱ्याने ओढलं. कोरडं.  अरविंदाने बॅटरीची तार हलवली, कॅन थोपटला, स्वतः हात घातला. टक्, चुळुक! चालतंय की!

“जरा हात स्थिर धरा,” तो म्हणाला. “घाई करू नका.”

तिसरी एक म्हातारी होती. अरविंदाने तिला ओळखलं आणि त्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. परभणीची म्हातारी! गेल्या सालची! तिने हात पुढे केला. उन्हातान्हात राबून काळाकुळीत पडलेला, शिरा उठलेला हात. फडकं आलं, कोरडं.

“मावशी, हात नीट धरा ना.”

तिने नीट धरला. पालथा धरला, उताणा धरला. तिला वाटलं आपलंच चुकतंय, म्हणून हात पदराला पुसून पुन्हा धरला. डोळा ढिम्म. मागून एक गोरेले गृहस्थ, इस्त्रीचा सदरा घातलेले, मदत करावी म्हणून पुढे वाकले. त्यांचा हात नुसता जवळ आला मात्र. टक्, चुळुक!

म्हातारीने त्या ओल्या हाताकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे पाहिलं, आणि हात मागे घेतला. 

खुर्ची करकरली. येसूबाई वॉकर धरून उठली होती. एकेक पाऊल टाकत ती यंत्रापाशी आली आणि आपला हात तिने नळाखाली धरला. तुडीलच्या भातलावणीत रापलेला हात. तो तिने तसाच धरून ठेवला. डोळा तिच्याकडे बघत होता आणि काही बघत नव्हता.

“अरविंदा,” ती हळू म्हणाली, “तुज्या डब्याला आमचा हात दिसत नाय रे.”

काशीरामकाकांनी घसा खाकरला. “त्यो डोळा उजेड सोडतो आन हातावरनं परत आलेला उजेड बगतो. काळ्या हातावरनं, गडद कापडावरनं उजेड कमी परततो. नवीन असतात ते बगतात, हा जुना, मंद झालाय. आमच्या कॅन्टीनलाबी असलाच व्हता. मी जेवणाच्या डब्याचं चकचकीत झाकण धरायचो खाली.”

“काका! मग मला आधी सांगायचं नाही का?”

“ह्या नळाचंबी तसंच असंल, ह्ये मला कुठं ठावं?” काका खाली बघत म्हणाले. “मला आपलं वाटलं, माजाच हात बाद झाला.”

अरविंद मेल्याहून मेल्यासारखा झाला. सयाजीला आपण काय म्हणालो, ते त्याला आठवलं. घाई करता. यंत्राला वेळ द्या. काकांना म्हणालो, डावखुरे आहात. हात धरूनही फडकं भिजत नाही हे दोनदा डोळ्यांसमोर झालं, आणि दोन्ही वेळा त्याने हातालाच बोल लावला. वीस वर्षं ट्यूबलाइटखाली बसून उजळलेला आपला हात त्याने पाहिला, आणि त्याला त्या हाताची लाज वाटली. पाणी हात बघून देणारा डबा! आणि तो त्याने आणून मांडला होता कुठे, तर तळ्याच्या वाटेवर, आजच्या दिवशी.

त्याने बॅटरीची तार उपटली. नळ उचकटला आणि चादरीसकट बाजूला फेकला. कॅन उचलून रिकाम्या बादलीत उपडा केला.

“साळवी, आरोग्याच्या दृष्टीने—” गुरुजी म्हणाले.

“कोपरापर्यंत साबणाने हात धुवा,” उज्वलाने नवऱ्यापुढे साबण धरला. “पाण्यात हात फक्त यांचा जाईल. वापरलेलं फडकं त्या टोपलीत, परत बादलीत नाही. झालं आरोग्य.”

गुरुजींना यात आक्षेपार्ह काही सापडेना, म्हणून त्यांनी केळी वाटायला घेतली.

अरविंदाने हात धुतले, आईच्या लुगड्याचा तुकडा बुडवला आणि पिळला.

“येवडा नको पिळू,” आई म्हणाली. “तुज्या आंगात काय संचारलंय? जरा ऱ्हाऊदे पानी त्यात.”

त्याने दुसरा बुडवला, बेताने पिळला आणि दोन्ही हातांनी म्हातारीपुढे धरला. “मावशी, माफ करा. गेल्या वर्षीही तुम्हाला कोरडंच दिलं.”

“तुमीच व्हय ते!” म्हातारी म्हणाली. तिने तोंड पुसलं, मान पुसली, कानामागे पुसलं आणि मोठा सुस्कारा सोडला. मग कमरेची पिशवी उघडून तिने एक चौकोनी घडी काढली. गेल्या सालचा तो खरखरीत कागद! “म्हनलं घरी गेल्यावर भिजवावं. मग वाटलं, महाडाचं हाय, ऱ्हाऊ द्यावं. आणलाय संगं. भिजवता का लेकरा?”

अरविंदाने तो बादलीत बुडवला. त्याला समोरचं धड दिसत नव्हतं, म्हणून त्याने आधी तोच ओला कागद स्वतःच्या डोळ्यांवरून फिरवला. म्हातारीला हसू आलं. मग रांगेला आलं.

संध्याकाळपर्यंत तो बादलीपाशी उभा होता. कंबर धरली, बोटांच्या सुरकुत्या पडल्या, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत भिजली. समोर हात आला की फडकं बुडायचं. काळा हात, गोरा हात, बांगड्यांचा हात, दोन बोटं तुटलेला हात. डोकं वर करून कुणाचा आहे हे बघायलाही सवड नव्हती. आई शेजारी बसून लुगड्याचे तुकडे पुढे सरकवत होती आणि अधूनमधून ओरडत होती, “पीळ कमी!”

शेवटची गाडी गेली तेव्हा गुरुजींनी अहवालाची वही उघडली. “यंत्र या सदरात काय लिहू?” त्यांनी विचारलं.

“लिवा अरविंद साळवी,” काशीरामकाका म्हणाले, आणि गुरुजींनी खरंच ते लिहिलं.

येसूबाईने उरलेले तुकडे मोजले नाहीत. गाठोडं बांधलं आणि पहिल्यांदाच आपल्या मांडीवर न ठेवता ते पोराच्या हातात दिलं.

“पुढल्या साली शंभर भरतात,” ती म्हणाली. “गर्दी लय व्हईल. बादल्या दोन ठेव.”

“दोन कशाला आई? एक पुरेल की. मी आहे ना.”

“एक तुजी,” येसूबाई वॉकर ओढत उठली, “आन एक माजी.”